हस्तरला सोनं मिळालं, ज्वारी नाही

तुंबाड पिक्चरबद्दल कुणाशी पण बोलायला घ्या, दोन मिनिटात गडी "लालच बुरी बला है" वर येतो आणि विषय खतम. ते चूक आहे असं नाही म्हणत मी, पण तेवढंच सांगायचं असेल तर पंचतंत्र आहे की, त्यासाठी डायरेक्टर राही बर्वेंनी एवढे पावसाळे भिजत शूटिंग कशाला करायचं. माझं म्हणणं असंय की तुंबाड हा जमिनीखालच्या पाण्यावरचा पिक्चर आहे. वरून जे धो धो पडतंय ते नाही, खालचं. आणि हे आपल्या सोलापूरवाल्याला जेवढं लवकर दिसेल तेवढं पुण्या-मुंबईच्या माणसाला दिसणार नाही, कारण तिकडं नळाला रोज पाणी येतं आणि आपल्याकडं चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं पाणी कुठून येतं हा विचार आपल्या डोक्यातून जातच नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथंच थांबा, पुढं मी सगळं फोडणार आहे, शेवट पण.

पिक्चर २०१८ चा. तेव्हा थेटरात कुणी विचारलं नाही, मग लोकांनी मोबाईलवर बघून बघून डोक्यावर घेतला आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परत रिलीज झाला. आता हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात उजनी, आपलं धरण, वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळातलं उपसत होतो, आणि ऑगस्टमध्ये शंभर टक्के भरली. म्हणजे मे महिन्यात टँकरच्या मागं पळणारे आपण सप्टेंबरमध्ये पॉपकॉर्न घेऊन पडद्यावरचा पाऊस बघत होतो. मी पुतण्याला घेऊन गेलो होतो, अकरावीत आहे, भुताच्या पिक्चरचा किडा आहे त्याला.

गोष्ट थोडक्यात. पूर्ती नावाची देवी, तिच्या पोटातून कोट्यवधी देव जन्मले, पहिला आणि लाडका हस्तर. देवीकडं दोन गोष्टी, सोनं आणि धान्य. हस्तरला दोन्ही पाहिजे. सोनं त्यानं घेतलं, पण धान्याला हात घालायला गेला तसे बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला परत आपल्या गर्भात लपवलं, अट एकच, याची पूजा कुणी करायची नाही, याला विसरून जायचं. तुंबाडच्या लोकांनी नेमकं त्याचंच देऊळ बांधलं, देव चिडले आणि तिथं कायमचा पाऊस लागला. मग १९१८, १९३३, १९४७ असा पिक्चरच्या हिरोचा, विनायकचा प्रवास. वाड्यातल्या विहिरीतून तो दोरानं खाली गर्भात उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कारण ते हस्तरला ओलांडता येत नाही, मग कणकेची बाहुली टाकतो आणि हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मुठीत येतील तेवढ्या मोहरा घेऊन वर येतो. संपल्या की परत जातो.

(नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' वरून घेतलंय आणि ती म्हातारी आजी नारायण धारपांच्या गोष्टीतून आलीय. तुंबाड गाव खरं आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात. पिक्चर हिंदी असला तरी हाडामांसानं मराठीच आहे तो.)

आता हस्तरकडं जरा नीट बघा. त्याच्याजवळ सोनं इतकं आहे की अंगातून गळतंय, आणि तो उपाशी आहे. कणकेच्या एका बाहुलीसाठी तो वेडा होऊन धावत येतो. हे बघताना मला आपला जिल्हाच दिसायला लागला, खरं सांगतो. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याकडं. आणि पाऊस किती, तर सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तो पण येतो तेव्हा चार दिवसात सगळा येतो आणि ओढ्यानं निघून जातो. अशा ठिकाणी वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष, रानात उभा राहणारा ऊस आपण लावतो. आणि हीच जमीन ज्वारीची आहे. मालदांडी ३५-१ हे ज्वारीचं वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातलं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय मानांकन आहे, म्हणजे ती त्याच भागाची म्हणून सरकारी शिक्का. काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरायची, पावसानं जी ओल धरून ठेवलीय तेवढ्यावरच ती येते, विहीर नको की बोअर नको. कणीस भरायचं, मग थंडीत हुरडा खायचा, नंतर खळं. म्हणजे जमीन आपण होऊन धान्य देत होती आणि आपण म्हणालो हे नको, ते सोनं दे. हस्तरनं तरी दोन्ही मागितलं होतं.

पुतण्याला हे इंटरव्हलमध्ये सांगितलं तर म्हणाला, "काका, तुम्हाला सगळीकडं बोअरच दिसते." दिसते, काय करू. कारण मी बोअर पाडताना बघितलीय.

मोहोळ तालुक्यात आमच्या अप्पांचं शेत आहे, अप्पा म्हणजे माझे चुलते. बोअरची गाडी नेहमी रात्रीच येते, कारण दिवसभर दुसऱ्या कुणाच्या तरी रानात तिचं चालू असतं. एका ट्रकवर मशीन, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर आणि रॉड, पोरं तमिळनाडूची, आपापसात तमिळ आणि आपल्याशी तोडकंमोडकं हिंदी. सकाळीच पाणाड्या येऊन गेलेला, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरला, जिथं नारळ उभा राहिला तिथं चुन्यानं फुली मारली. त्या फुलीवर हळदीकुंकू, अगरबत्ती, नारळ फोडला आणि मग मशीन सुरू झालं. तो आवाज आजूबाजूच्या वस्त्यांना सगळ्यांना कळतो, कुणाच्या रानात बोअर चाललीय ते न विचारता समजतं आणि माणसं चालत यायला लागतात, कुणी उगं बघायला, कुणी आपलं पाणी तुटतंय का याच्या धास्तीनं.

पहिल्यांदा माती उडते, मग तांबडा मुरूम, मग पाषाण लागला की करडं बारीक पीठ. पीठच म्हणायला पाहिजे त्याला, दगडाचं पीठ. भोकातून हवेबरोबर वर फेकलं जातं आणि सगळ्यांवर बसतं, काकूंचे केस, पोरांच्या पापण्या, बैलाची पाठ, सगळं करडं. एक रॉड संपला की दुसरा जोडायचा, तेवढ्या वेळात मशीन गप्प होतं आणि अप्पा वाकून ते पीठ मुठीत घेतात. मूठ आवळायची आणि उघडायची. पीठ सुटून पडलं तर कोरडं. गोळा राहिला तर ओल आली. त्या रात्री कितीतरी वेळ नुसतं सुटूनच पडत होतं, फुटामागं पैसे वाढत होते आणि कुणीच बोलत नव्हतं, आणि मग एकदा अप्पांनी मूठ उघडली तर बोटांचे ठसे उठलेला एक छोटा गोळा त्यांच्या हातात बसला होता. टॉर्चच्या उजेडात तो सगळ्यांना दाखवला त्यांनी. विनायक कंदिलाच्या उजेडात कणकेची बाहुली वळतो ना पिक्चरमध्ये, तो सीन आला तेव्हा मी खुर्चीत सरकून बसलो ते यामुळं.

थोड्या वेळानं पाण्याचा फवारा उडाला. "अडीच इंची पाणी हाय, अडीच इंची!" म्हणून कुणीतरी ओरडलं, पोरं त्या चिखलात नाचली. पुढच्या वर्षी पलीकडच्या बांधावर शेजाऱ्यानं बोअर घेतली, जास्त खोल, आणि अप्पांचं पाणी निम्म्यावर आलं. मग अप्पांनी अजून एक घेतली. मग त्यानं.

आपल्याकडं खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात पाण्याचं तळं वगैरे काही नसतं, वरचा जो झिजलेला, मुरमाड थर असतो त्यात पाणी साठतं आणि खाली कठीण दगडात फक्त भेगा असतात, भेग लागली तर पाणी, नाही लागली तर सातशे फूट धुरळा. एकच भेग दोघांच्या रानाखालून गेली असेल तर दोघांचं पाणी एकच असतं, सातबारा वेगळे असले म्हणून काय झालं. वरच्या थरातलं पाणी एका चांगल्या पावसाळ्यात भरून निघतं, खोल भेगांमधलं एवढ्या लवकर भरत नाही. माझ्या आजोबांची विहीर होती, मोटेची. रात्रीतनं पाझरून जेवढं येईल तेवढं सकाळी उपसायचं, विहिरीनं तळ दाखवला की बैल सोडायचे, झालं. त्यांच्या मनात लोभ नव्हता असं मी म्हणणार नाही, असणार की, पण दोर तेवढाच होता.

आणि इथं तुंबाडमधला सगळ्यात भारी प्रसंग येतो. विनायकला आयुष्यभर एकेक मूठ पुरते. तो वाईट माणूस आहे, बायकोला फसवतो, मित्राला मारतो, पण खाली गेल्यावर नियम पाळतो, एक बाहुली, एक मूठ, रिंगणाच्या बाहेर पाय नाही. लंगोटच पळवू, म्हणजे सारखं खाली यायला नको, ही आयडिया त्याच्या पोराची, पांडुरंगची. म्हणून ते ढिगानं बाहुल्या घेऊन उतरतात. आणि जेवढ्या बाहुल्या तेवढे हस्तर. एकेका बाहुलीमागं एकेक हस्तर भिंतीतून बाहेर पडतो. थेटरात लोक तिथं किंचाळले, मला मात्र आमच्या शिवाराचा नकाशा दिसत होता, एकाच्या पाच बोअर, पाचाच्या पंचवीस, प्रत्येक भोक दुसऱ्याच्या भोकाला उपाशी ठेवणारं. त्या शॉटसाठी मी या पिक्चरला शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे.

बरं कायदा नाही असं पण नाही. २००९ चा महाराष्ट्राचा भूजल कायदा आहे, शेती-उद्योगासाठी साठ मीटर म्हणजे साधारण दोनशे फुटाच्या खाली जायला बंदी आहे त्यात. गावात कुणाला तरी सांगून बघा, हसतील. कागदावरचं रिंगण हस्तर आरामात ओलांडतो. ते पिठाचंच लागतं, म्हणजे गावानं स्वतः आखलेलं. हिवरे बाजारनं आखलं तसं, बोअर फक्त पिण्यासाठी, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा हिशोब मांडायचा मग पीक ठरवायचं. त्यांच्याकडं पण आपल्यासारखाच कमी पाऊस आहे.

हे सगळं मी अप्पांना ऐकवलं. त्यांनी तुंबाड घरी टीव्हीवर अर्धा बघितला होता. म्हणाले, "पिच्चर ठीक हाय, पण मला सांग, ज्वारी काढायला बायका कुठनं आणू? पाखरं राखायला माणूस हाय का तुझ्याकडं? ऊस लावला की टोळी येती, तोडून नेती, पैसा उशिरा का हुईना खात्यात पडतो. तुमी शहरात भाकरीचं फोटू टाकता आणि चपाती खाता." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा कमीत कमी भाव, ठरलेली, घेणारा ठरलेला, तोडणारा ठरलेला. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो पण त्या भावानं घेणारा शोधायचा तुम्ही. अशा वेळी विहिरीत उतरणाऱ्या माणसाला लालची म्हणणं मला जड जातं, कारण वरती विनायकच्या मोहरा विकत घेणारा राघव सावकार बसलेलाच असतो, आणि लोक पिक्चरबद्दल बोलताना त्याला विसरतात. तो घेतो म्हणून हा उतरतो. आपण सगळे चहात साखर घालणारे त्या राघवच्या बाजूला बसलोय असं माझं मत.

आजीबद्दल राहिलंच. हस्तरनं स्पर्श केलेली, मरत नाही, तिच्या अंगातून झाड उगवलंय, मुळं सगळ्या खोलीत पसरलीत आणि आत काळीज धडधडतंय. ते बघून पुतण्या म्हणाला "ई ऽऽ", आणि मला उजनी आठवली. उजनी ११७ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातलं साधारण ६३ टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी बाहेर न सोडता येणारं तळाचं पाणी. नाव मृत साठा. आणि दर उन्हाळ्यात आपण त्या मृत साठ्यावरच जगतो, सकाळी पेपर उघडला की आधी उजनी प्लस की मायनस बघतो, मायनस तीस झाली, मायनस चाळीस झाली, आणि तरी त्यातून उपसा चालूच, शहराला, शेताला, कारखान्याला. मेलेलं म्हणून जाहीर केलंय आणि मरू पण देत नाही. पाणी फारच खाली गेलं की पळसदेवचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं, लोक गाड्या काढून बघायला जातात, सेल्फी वगैरे. पिक्चरमध्ये असलं बुडालेलं देऊळ वर आलं की मागं म्युझिक वाजतं आणि आपल्याला कळतं की आता काहीतरी वाईट होणार, इथं म्युझिक नसतं म्हणून कळत नाही बहुतेक.

हॉररमधून पर्यावरण वाचायचं हे मी काही नवीन काढलेलं नाही. गॉडझिला आता लहान पोरांचं खेळणं झालंय, पण १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला, त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, खलाशी आजारी पडले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडांचा पहिला गॉडझिला आला. जपानी माणसाला तो राक्षस कोण आहे हे समजावून सांगायची गरज नव्हती. बाँग जून-हो यांचा २००६ चा 'द होस्ट' पण तसाच, सोलमधल्या अमेरिकन लष्करी तळावरून २००० साली फॉर्मल्डिहाइड गटारात ओतलं, ते हान नदीला जाणारं, आणि पिक्चरची सुरुवातच तिथून होते. हे दोन्ही राक्षस बाहेरच्यानं केलेल्या घाणीतून आलेत. आपला हस्तर आईच्या पोटातला आहे, त्याला दुसऱ्या कुणी आणून सोडलेला नाही, म्हणून मला तो जास्त घाबरवतो.

माझं वाचन सगळीकडं फिट बसतं असं पण नाही हं. सगळ्यात मोठी अडचण पाऊस. तुंबाडात शाप म्हणून पाऊस पडतो आणि आपल्याकडं पाऊस न पडणं हा शाप. पुतण्यानं हेच पकडलं माझं. मी म्हणालो, अरे पण तो पाऊस कुणाच्या उपयोगाचा आहे का, नुसता वाहून जातोय, गाव ओस पडलंय, एक दाणा उगवत नाही, आपल्याकडं पण चार दिवसात पडून भीमेनं जातो तो कुणाच्या उपयोगाचा? त्याला पटलं नाही. "ओढून ताणून आहे" म्हणाला. असू दे. दुसरी अडचण शेवटाची. पांडुरंग बापानं आणलेला लंगोट घेत नाही, बापाला जाळतो आणि निघून जातो. पिक्चरला ते जमतं कारण पोराच्या नावावर कर्ज नसतं. आमच्याकडं कोरडी गेलेली बोअर आणि तिचा हप्ता दोन्ही वारसानं येतात, पोरगं नको म्हणालं तरी.

आणि एक गंमत. हस्तरच्या गोष्टीची बरोबर उलटी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बिदरच्या बादशहाचे अधिकारी, दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली तेव्हा सरकारी कोठारं उघडली आणि धान्य वाटून टाकलं. बादशहानं पकडून आणायला माणसं पाठवली. तेवढ्यात विठू महार नावाचा माणूस दरबारात हजर झाला, त्यानं छोट्या थैलीतून मोहरा ओतायला सुरुवात केली, ओतत राहिला, ओतत राहिला, सगळ्या धान्याची किंमत चुकती केली, पावती घेतली आणि गेला. तो विठ्ठल होता असं सगळे मानतात. बघा म्हणजे, थैली तीच, न संपणाऱ्या मोहरा त्याच, पण इथं मोहरा देव आणून देतो, आणि कशासाठी, तर माणसांनी ज्वारी खाल्ली म्हणून. तुंबाडवाल्यांनी ही गोष्ट ऐकली असती तर हस्तरला एक भाऊ नक्की दिला असता.

तुंबाडचा दुसरा भाग येणार म्हणतात. येऊ दे, बघू. पण कुणा सोलापुरी पोराकडं कॅमेरा आणि थोडे पैसे असतील तर माझ्याकडं स्टोरी तयार आहे. सगळा पिक्चर एका रात्रीत, एका रानात. पाणाड्या हिरो, कारण त्याला खरं काय ते माहितीय पण पैसे घेतलेत म्हणून बोलता येत नाही. मशीन चालू आहे, रॉडवर रॉड, दोनशे, चारशे, सहाशे फूट, मालक थांब म्हणत नाही, गाडीवाल्याचा मीटर पळतोय, शेजारी बांधावर उभे. आणि सातशेला पीठ उडायचं बंद होतं आणि खालून कुणीतरी रॉड ओढायला लागतं. पुढचं मी इथं लिहिणार नाही, चोराल. फोन करा. मालकाच्या रोलसाठी अप्पांना विचारून ठेवलंय, ते म्हणाले बोअर खरी पाडणार असाल आणि पैसे तुम्ही देणार असाल तर करतो.